आधीची मुलगी

शनिवार उजाडला की शिकागोतल्या वीम्सांच्या स्वयंपाकघरात शेगडीवर लोखंडी कंगवा तापायचा. कोरीन तो फडक्यात धरून लेकीचे कुरळे केस सरळ करायची. त्या सकाळी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिचा नवरा थॅडियस चित्रासाठी कागद पसरून बसला होता.

"मान हलवू नकोस, अर्डेलिया," त्यानं बजावलं.

"माझं चित्र कशाला काढताय, पप्पा?"

"पेपरात येणार आहेस तू."

नऊ वर्षांची पोर हरखून गेली.

थॅडियसच्या हातात कला होती. गोऱ्यांच्या मासिकांनी चित्रं वाखाणली आणि काढणारा काळा दिसताच दार लावून घेतलं. उरलं आपल्याच लोकांचं वर्तमानपत्र, आणि त्यात कातडी उजळवणाऱ्या मलमाची जाहिरात. दोन चौकटी. एक 'आधी', दुसरी 'नंतर'. 'नंतर'साठी त्यानं मेहुणीची उजळ मुलगी घेतली. 'आधी'साठी अर्डेलिया घरातच होती. एवढ्याशा चित्रात ओळखतंय कोण, असं त्याला वाटलं. स्वतःच्या हाताची पारख नव्हती गृहस्थाला, दुसरं काय!

जाहिरात छापून आली त्या रविवारी चर्चच्या पायरीवर सगळ्यांनी ओळखलं.

"ए आधी, सरक तिकडे," पोरी म्हणू लागल्या. त्या काही गोऱ्यांच्या पोरी नव्हत्या, आपल्याच होत्या. चर्चमधल्या वडीलधाऱ्या हेस्टरबाई तर कोरीनला सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तुझ्या उजळ रंगावर गेली असती तर निभावलं असतं गं. आता मलम तरी लाव."

कोरीननं लावलं. आग होते म्हणून पोर रडली, तर "सोसल्याशिवाय रूप येत नाही" म्हणून दटावलं. रंग ढिम्म हलला नाही. मग एका दुपारी पोरीनं मोरी साफ करायचा कॉस्टिक सोडा गुपचूप गालाला चोळला.

पट्टी सुटली तेव्हा उजवा गाल दुधावरच्या सायीसारखा पांढरा आणि सुरकुतलेला होता.

महिन्याभरात मलमवाले लेडबेटर दारात हजर. "खप जोरात आहे, थॅडियस. आधी-नंतरची नवी जोडी काढून दे."

थॅडियसच्यानं पेन्सिल उचलवेना. तेवढ्यात अर्डेलिया आपणहून त्याच खुर्चीत येऊन बसली आणि तिनं उजवा गाल पुढे केला.

"पप्पा, आता मला 'नंतर'मध्ये काढाल?"

थॅडियसनं पेन्सिल उचलली आणि चित्र काढलं. दोन चौकटी, मुलगी एकच: 'आधी'त तिचा धड गाल, 'नंतर'मध्ये जळलेला.

"हे छापायचं?" लेडबेटर गुरगुरले. "तुला या गावात पुन्हा काम मिळायचं नाही."

"नाही मिळालं तर नाही. तुमच्या डबीसाठी मी पुन्हा रेघ ओढणार नाही."

रविवारी त्यानं ते चित्र चर्चच्या दारावर चिकटवलं. माणसं थबकली. हेस्टरबाईंनी मान खाली घातली. अर्डेलिया चित्राशेजारी ताठ उभी होती, नवा फ्रॉक घालून. डावा, काळा गाल तिनं हातानं झाकून घेतला होता आणि जळलेला गाल येणाऱ्या प्रत्येकाला ती हसून दाखवत होती.