चाकाखालचा बूट

मी एक जुना लोखंडी बूट आहे. पण मित्रांनो, माझ्यात पाय घालत नाहीत, चाक घालतात. घोड्याची बग्गी उताराला लागली की मला साखळीनं बांधून मागच्या चाकाखाली सरकवतात. चाक माझ्यावर चढतं, फिरायचं थांबतं आणि मी रस्त्याला घासत गाडी सावकाश खाली नेतो. गाडी नीट जावी म्हणून तिला अडवायचं! हे काम मला अजूनही पुरतं उमगलेलं नाही.

चाकणच्या कोंडीराम लोहारानं मला आबाजींच्या टांग्यासाठी घडवलं. उतार संपला की आबाजी मला थोपटत. पुढे रिक्षा आल्या, टांगा मोडीत गेला. मग मी वर्षानुवर्षं शेडचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून टेकून बसलो. तेव्हाही अडवतच होतो, पण थोपटलं कोणी नाही.

आबाजींच्या मुलानं, मारुतरावांनी, लग्नाची बग्गी केली आणि मला तिच्याखाली टांगलं. यंदा दसऱ्याला त्यांनी मला घासून पुसून हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. एवढा मान कशाचा, मला कळेना.

संध्याकाळी ते पत्नी सुमनताई आणि नात दिव्या यांना घेऊन टेकडीवरच्या देवीला गेले. परतताना उतार आला.

"अहो, बूट लावा की," सुमनताई म्हणाल्या.

"आज न्हाई. पूजेची वस्तू चाकाखाली घालू व्हय? कंपन्यांतली मशिनं बी आज बंद हायत."

मी हारासकट लोंबकळत राहिलो. मान मिळाला म्हणून मी बेकाम झालो होतो का?

सिमेंटचा रस्ता गुळगुळीत. बग्गीचा भार चांदणी घोडीच्या अंगावर येऊ लागला. तिचे खूर घसरले, ती मागच्या पायांवर बसू लागली. खाली हमरस्त्यावर कंटेनर धावत होते. मारुतरावांनी लगाम ओढून बग्गी कशीबशी कडेच्या मातीत घातली. सुमनताईंनी उतरून चाकापुढं दगड लावला.

"सकाळी चांदणीला बी हळद-कुंकू लावलंत. तिला न्हाई व्हय सुट्टी?"

मारुतराव खाली उतरले.

"आजोबा, बुटाला हार टोचत असंल," दिव्या म्हणाली.

त्यांनी हार काढला, मला कपाळाला लावलं आणि चाकाखाली ठेवलं. मी करकरत निघालो. तळाचं कुंकू रस्त्याला घासून गेलं. चांदणी पाऊल पाऊल टाकत उतरली.

खाली पोचल्यावर दिव्यानं आपट्याचं पान माझ्यावर ठेवलं. "बूट आजोबा, सोनं घ्या." मी इतका तापलो होतो की ते पान लगेच आक्रसलं. सकाळचा हार खरा मान, की हे करपलेलं पान? माझा गोंधळ काही मिटला नाही.

पण मित्रांनो, एवढं सांगतो. जुन्या वस्तूंना हार जरूर घाला. उतार आला, की तो हार काढायला मात्र विसरू नका.