टांगा नको

"बैठ जाओ, बाईजी. टांगा उधर ही जा रहा है."

दुर्गा टांगेवाल्याने घोडा थेट शरयूच्या खांद्याशी आणून उभा केला. मोती महालातली कचेरी सुटली की फूलबागेच्या वळणावर तो रोज असा उगवायचा आणि शरयू रोज तेच उत्तर द्यायची.

"नहीं भैया, पैदल ही जाऊँगी."

"तबीयत तो ठीक है?"

घ्या! ग्वाल्हेरात बाई पायी चालली की एक तर तिची तब्येत बिघडलेली असते, नाही तर घरात भांडण झालेलं असतं. तिसरं कारण या शहराला सुचतच नाही. दिवसभर टाइपरायटरवर बोटं बडवून झाल्यावर एखाद्या बाईला नुसतंच चालावंसं वाटेल, हे कोणाच्या डोक्यात शिरेल तर शपथ!

आणि चालण्यासारखे दिवस तरी इथे किती मिळतात? उन्हाळ्यात लू, म्हणजे असा भाजता वारा, की दुपारी बाहेर पडलेला माणूस संध्याकाळी अंथरुणात. मग पावसाची चिकचिक आणि डास. पुढे दात वाजवणारी थंडी. मधे हा एवढासा शरदाचा तुकडा. दसरा झाला की हवा धुतल्यासारखी होते, किल्ल्याचा बुरूज न् बुरूज वेगळा दिसतो, हातगाड्यांवर हिरवे शिंगाडे येतात. शरयू वर्षभर या दिवसांची वाट बघायची. फूलबाग, शिंदे की छावणी, नई सडक, मग ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला मोठा चौक, बाडा, आणि सराफ्यामागची त्यांची गल्ली. कचेरीत साहेब काही ना काही मागत, घरी तर सगळेच मागत. एवढ्या रस्त्यात तरी कोणी काही मागू नये, इतकीच तिची अपेक्षा होती.

तीही पुरी होत नव्हती. नई सडकेवर ओळखीच्या मंदाताई दुकानाच्या पायरीवरून ओरडल्या, "अगं शरू, पैदल? भाऊ घ्यायला नाही आला?"

"नाही हो. सहज चाललेय."

"सहज कोणी पैदल चालतं का?" मंदाताईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बरं, रिकामीच आहेस तर बाड्यावरून माझी खोकल्याची दवा घेऊन ये ना."

शरयूने दवा आणली. परत मागे येऊन ती दिली आणि पुन्हा बाड्याकडे वळली. तोवर ऊन गेलं होतं. बुरूज बघायचे राहिले ते राहिलेच.

यंदा तर कहरच होता. संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला तेव्हा राजधानी अर्धं वर्ष ग्वाल्हेरला, अर्धं वर्ष इंदूरला. कपाटं बांधायची, सोडायची, पुन्हा बांधायची. त्याची सवय होतेय न होतेय तोच मध्यभारतही मोडला. येत्या एक नोव्हेंबरपासून नवा मध्यप्रदेश आणि राजधानी भोपाळ. कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. ज्याला त्याला आपला कागद आत्ताच टाइप करून हवा होता. त्यात सोमवारी जबलपूरहून आलेल्या नव्या साहेबांनी जाहीर करून टाकलं: शनिवारी एकेकाला बोलावतो, भोपाळला येणार की नाही ते त्या दिवशी सांगून मोकळे व्हा.

त्या रात्री घरी पानं मांडली होती. अप्पा पाटावर बसले होते. अप्पा म्हणजे शरयूचे वडील. उभा जन्म दरबारच्या चाकरीत गेलेला. दरबार गेला त्या दिवसापासून देऊळ आणि डॉक्टर सोडून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. बाहेर आता बघण्यासारखं काही उरलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

"शनिवारी सांगायचंय," शरयू म्हणाली.

"सांगायचंय काय त्यात? राजीनामा दे."

"खरंच ताई," धाकटा भाऊ मधु म्हणाला, "अनजान शहर, तिथे तू अकेली कुठे राहशील? आणि लोक काय समजतील?"

"ताई घरी राहिल्या तर मलाही हात मिळेल," त्याची बायको लीला वाढता वाढता बोलली. "मुलांचं सगळं मी एकटीच करून राहिले."

"आपल्या घरातलं कोणी हे लष्कर सोडून गावाबाहेर चाकरीला गेलेलं नाही," अप्पा म्हणाले.

"मग अप्पा, वाईहून आपले पूर्वज इथे आले ते काय यात्रेला?"

"आम्ही शिंदे सरकारांच्या, पाटीलबाबांच्या फौजेबरोबर आलो. तू कोणाबरोबर जाणार?"

शरयू मान खाली घालून भात कालवू लागली. तिचं लग्न दोनदा जमता जमता राहिलं होतं. मग नोकरी लागली, मधुचं शिक्षण झालं, मधुचं लग्न झालं आणि तिच्या लग्नाचा विषय आपोआप मागे पडला. कोणाबरोबर जाणार, हा प्रश्न अप्पांनी विचारायला नको होता. तो तिला लागला.

मंगळवारी सकाळी चहाबरोबर राजीनामा. बुधवारी देवपूजा आटोपून अप्पा वळले ते राजीनाम्याकडेच. लीलाने तर शेजारी सांगूनही टाकलं. त्या एका शब्दाचा शरयूला इतका वीट आला, की टाइप करताना 'राज' एवढी अक्षरं उमटली तरी कपाळाला आठी पडायची.

गुरुवारी तिने ठरवलं, आज कोणाशी बोलायचं नाही. दुर्गाला लांबूनच हात हलवला. छावणीशी शिंगाडे विकत घेतले आणि ते सोलून खात खात चालू लागली. भल्या घरच्या बाईने रस्त्यात खाऊ नये, हे तिला ठाऊक होतं. खाल्ले. ऊन तिरपं झालं होतं, किल्ला वरच्या अंगाने नुसता पिवळा दिसत होता आणि हवेत पहिल्या थंडीचा अगदी थोडा वास होता. किती तरी दिवसांनी तिला बरं वाटलं.

तेव्हाच तिच्या ध्यानात आलं. राजीनामा दिला तर नोकरी जाईल, हे तिला सोमवारपासून माहीत होतं. पण तिच्याबरोबर हे चालणंही जाईल! घरी बसलेली बाई बाहेर पडणार ती कशाला? भाजीला, तीही लीलाबरोबर, येताना टांग्यातून. उगाच फिरून येते म्हटलं तर मधु विचारणार, कुठे, का, कोणाकडे. कचेरी होती म्हणून घरी परत येणं होतं, आणि परत येणं होतं म्हणून हा रस्ता होता. बरं, भोपाळला जावं तर चालणं राहील, पण हा रस्ता जाईल. म्हणजे काहीही केलं तरी जायचं ते तिचंच. उरलेले शिंगाडे तिने रागाने एका म्हशीपुढे टाकले.

शुक्रवारी अप्पा जेवले नाहीत. शरयूने दोनदा हाक मारली. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. लीलाने "सकाळपासून काही घेतलं नाही" असं सांगितलं आणि मधु बहिणीकडे असं बघू लागला, जणू तिनेच त्यांच्यापुढचं ताट उचललं होतं.

"देते राजीनामा," शरयू म्हणाली. "उद्याच देते. आता उठा आणि जेवा."

अप्पा उठले. पोटभर जेवले. शरयूने आपलं पान तसंच झाकून ठेवलं.

शनिवारी साहेबांच्या खोलीबाहेर रांग लागली होती. साहेब पूर्वी कोर्टात वकिली करत. सकाळपासून एकाची आई आजारी, दुसऱ्याच्या मुलीचं लग्न, तिसऱ्याला भोपाळचं पाणी सोसत नाही, असं ऐकून ऐकून त्यांचा चेहरा लाल झाला होता. शरयू आत गेली तेव्हा त्यांनी वरही पाहिलं नाही. शेजारी बडे बाबू, म्हणजे कचेरीचे हेडक्लार्क, कागद लावत उभे होते.

"आप भी कहिए. आपको क्या तकलीफ़ है?"

"कुछ नहीं, साहब. मैं राजीनामा देती हूँ."

एरवी साहेबांपुढे ती 'इस्तीफा' म्हणाली असती. इतकी वर्षं हिंदीत कागद टाइप करणाऱ्या बाईला एवढं कळत नव्हतं थोडंच! पण आठवडाभर घरात जो शब्द कानांवर आदळत होता, तोच ऐनवेळी तोंडातून बाहेर पडला.

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि ते चक्क हसले.

"राज़ीनामा! सुना बड़े बाबू? सुबह से सब मेरा सिर खा रहे हैं, और एक यह हैं, न कोई बहस, न झगड़ा, सीधे राज़ीनामा! शाबाश!"

शरयूच्या डोळ्यांत पाणी आलं. माणसाने नोकरी सोडली म्हणून एवढा आनंद? निदान 'सोच लीजिए' तरी म्हणायचं!

"सामान कितना होगा आपका?" साहेबांनी विचारलं.

"सामान?"

"भोपाल का. रहने की फ़िक्र मत कीजिए, दफ़्तर की और बहनें भी हैं, सबको एक ही जगह क्वार्टर देंगे."

ती बघतच राहिली. बडे बाबू मात्र लष्करचे, मराठी घरांत जाऊन-येऊन वाढलेले. शरयूचा चेहरा पाहून झाला प्रकार त्यांनी ओळखला. कागद सरकवण्याच्या निमित्ताने ते वाकले आणि हळूच मराठीत म्हणाले, "बाई, साहेब कोर्टातले. तिकडे दोन्ही पक्ष राजी झाले की लिहून देतात, तो राज़ीनामा. तुम्ही आत्ता भोपाळला राजी झालात. चुकलं असेल तर बोला, मी सांगतो त्यांना."

शरयूने तोंड उघडलं. 'चुकलं' एवढंच म्हणायचं होतं. अप्पांना शब्द दिला होता. पण मग उद्यापासून लीलाच्या हाताखाली पोळ्या, आणि संध्याकाळी खिडकीतून दिसेल तेवढंच आभाळ. आठवडाभर ज्याने त्याने तिच्या तोंडी कोंबलेला तो शब्द, आणि तो निघाला असा! तिला एकदम हसू फुटलं. ते तिने पदराने दाबलं.

"चुकलं नाही," ती म्हणाली, आणि जिथे सही करायची तिथे सही केली.

"टांगा मँगवा दूँ आपके लिए?" साहेब खुशीत होते.

"नहीं साहब," शरयू म्हणाली. "पैदल ही जाऊँगी."

घरी अप्पा सुपारी कातरत बसले होते. "दिलास?" त्यांनी विचारलं.

"दिला."

"चला, सुटलो!" मधु म्हणाला. लीला लगेच सांगू लागली, सोमवारपासून मुलांच्या आंघोळी ताईंकडे, संध्याकाळचा स्वयंपाकही ताईंकडे.

"दिला अप्पा," शरयूने चपला कोपऱ्यात ठेवल्या. "पण हिंदीतला."

अडकित्ता थांबला. दरबारात दोन्ही भाषांचे कागद पाहिलेला माणूस तो. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

"म्हणजे काय, ताई?" मधु विचारत होता.

"म्हणजे ती जातेय," अप्पा म्हणाले.

शरयू अप्पांसमोर खाली बसली. ती म्हणाली, "कोणाबरोबर जाणार, विचारलं होतं ना तुम्ही? कचेरीतल्या बाकीच्या बायका आहेत. नसत्या तरी गेले असते, अप्पा."

अप्पा त्या रात्री जेवले, पण तिच्याशी बोलले नाहीत. रविवारीही नाही.

सोमवारी कचेरी सुटली. शरयू फूलबागेच्या वळणावर आली आणि जागीच थबकली. झाडाखाली अप्पा उभे होते. अंगात दरबारच्या वेळचा काळा कोट, हातात काठी. पलीकडे दुर्गाचा टांगा उभा होता. त्यातूनच आलेले दिसत होते.

"अप्पा! काय झालं?"

"काय व्हायचंय? म्हटलं बघावं, रोज टांगा सोडून चालतेस ते एवढं काय आहे या रस्त्यात."

दोघं चालू लागली. अप्पांची चाल संथ, दर दहा पावलांना थांबणं, आणि थांबलं की कुरकुर. हे दुकान कधी झालं, ते झाड कोणी तोडलं, रस्त्याची ही काय दशा! शरयूला वाटलं, घ्या, आता हा एक रस्ता राहिला होता, तोही गेला. पण तिने काठीच्या बाजूने जाऊन त्यांचा हात धरला. तो हात किती हलका झाला होता, हे तिला माहीत नव्हतं. छावणीशी तिने सवयीने शिंगाडे घेतले आणि मग ती ओशाळली.

"तू रस्त्यात खातेस?"

"हो, अप्पा."

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. "दे एक."

ऊन किल्ल्याच्या माथ्यावर चढलं होतं. अप्पा शिंगाडा चावत बराच वेळ वर बघत राहिले. या शहरात जन्म काढलेला माणूस, पण किल्ला पहिल्यांदाच पाहत असावा तसे.

"भोपाळला असलं काही आहे का?"

"तलाव आहेत म्हणे."

"मग त्याच्या काठाने चालत जा," अप्पा म्हणाले. "संध्याकाळची."

मागे टापांचा आवाज आला. दुर्गाने घोडा अप्पांच्या खांद्याशी आणून उभा केला. "बैठ जाओ, अप्पा साहब. इस उमर में पैदल? तबीयत तो ठीक है?"

शरयूने तोंड उघडण्याआधीच अप्पांनी काठी आडवी केली.

"टांगा नको," ते म्हणाले. "आम्ही फिरायला निघालोय."

दुर्गाला ते काही पटलं नाही. बाडा येईपर्यंत तो रिकामा टांगा घेऊन हळूहळू त्यांच्या मागून येत राहिला.