डावऱ्या बाबांचा ठसा

छापखोलीत शिरलं की आधी नाकाला कळायचं, मग डोळ्यांना. जवसाच्या तेलाचा वास, ओल्या कागदाचा वास, आणि मधोमध आपलं चाक मिरवत उभं असलेलं काळंशार दाबयंत्र. खिडकीशी दोरीवर ओले ठसे चिमट्यांना लटकून झुलत होते.

आज शिकणाऱ्यांची कामं भिंतीवर लागायची होती. एका मुलीचे बाबा दुकान बंद ठेवून पहिल्यांदाच बघायला येणार होते. बाबा न्हावी, आणि पक्के डावरे. लहानपणी घरच्यांनी रागावून, चोपून कात्री उजव्या हातात दिली. ती आपली फिरून डावीकडेच यायची. "हात माझा, हट्ट माझा," असं ते अजून हसत सांगत. कात्री चालवणारे तेच बाबा लेकीनं जीव ओतून लिनोच्या रबरासारख्या पाटीवर कोरले होते.

पहिला ठसा उचलला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. ठशातले बाबा उजव्या हातानं केस कापत होते.

"अगं, छापताना चित्र उलटतं, म्हणून उलटं कोरायचं असतं ना!" तिची मैत्रीण चिमणी म्हणाली.

"साऱ्या वर्गाला मीच सांगत फिरले की गं! आणि बाबांना मात्र रोज दिसतात तसेच कोरून बसले."

"कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"बाबांच्या येईल. म्हणतील, शेवटी लेकीनंही हात बदलला."

रागारागानं तिनं तो ठसा ओल्या कागदांच्या गठ्ठ्यावर पालथा आपटला.

"राग कागदावर काढू नकोस बाई!" म्हणत चिमणीनं तो सोलून काढला, आणि खालच्या कागदाकडे बघत राहिली. तिथं पुसटसा एक खांदा उमटला होता. पुसटसा एक हात. डावा.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि धावल्या. रूळ भरभरून शाई लावली, नवा ठसा काढला. तो ओला आहे तोवर त्यावर कोरा ओलसर कागद, वर लोकरीचा नमदा. चिमणीनं चाक धरलं आणि गुणगुणायला लागली,

"फिर गं चाका, हळू गं हळू,
कागदबाईला नको गं छळू..."

"आत येऊ का?" दारात बाबा. कोऱ्या सदऱ्यात अवघडलेले.

"या काका, वेळेवर आलात! जरा चाकाला हात लावा."

बाबांनी लावला. डावाच.

नमदा दूर झाला. लेकीनं कोपरा धरून कागद अलगद उचलला. "थोडा फिकट आलाय, बाबा."

बाबा वाकून बघत राहिले. त्यांची डावी बोटं नकळत कात्रीसारखी हलली.

"हात माझाच गं," ते हळूच म्हणाले. मग घसा खाकरून, "पण केस पार पिकवलेस की माझे!"

लेक हसली, डोळे पुसले. शाई गालावर गेली.

बाबांचं मात्र चित्रातल्या गिऱ्हाइकाकडे लक्ष गेलं होतं. "ह्याच्या कानामागं राहिलंय. असा सोडला तर दुकानाचं नाव जाईल."

"मग कापा ना! लिनो कोरलं की तिथली शाई गेलीच."

कोरणी डाव्या हातात धरून बाबांनी कानामागचा पुंजका हलकेच उडवला, लिनोचा बारीक कीस फुंकरीनं झटकला आणि सवयीनं म्हणाले, "झालं. आता आरशात बघा."