रिकाम्या सीटवरचं नाव

आमच्या पगाराच्या कागदावर मूळ पगार सगळ्यात वर असतो आणि सगळ्यात कमी उपयोगाचा असतो. घर चालतं ते त्याखालच्या भत्त्यांवर. गणवेश धुण्याचा भत्ता आहे, थंडीच्या तळावर राहण्याचा भत्ता आहे. पायलट लोकांनी आणखी काही वर्षं राहतो म्हणून सही केली की त्यांना एकरकमी बोनस मिळतो. आम्हा हेलिकॉप्टरात मागे बसणाऱ्यांना 'थांबा हो' म्हणून कोणी बोनस देत नाही. आम्ही जाऊन जाऊन जाणार कुठे, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. आम्हाला आहे तो उड्डाण भत्ता. महिन्यात ठरलेले तास हवेत काढले की मिळतो, नाही काढले की नाही. आमच्या घराचं भाडं त्यातूनच जातं.

मी वायुसेनेच्या बचाव हेलिकॉप्टरच्या दारात बसते. विंच माझ्याकडे असते. आपला माणूस दोराने खाली सोडायचा, अडकलेल्याला वर ओढून घ्यायचं, आणि पायलटला मागचं काहीच दिसत नसल्यामुळे 'जरा डावीकडे, अजून जरा, बस्स, थांबा' असं त्याच्या कानात सतत बोलत राहायचं. भरती करताना सांगतात की हे शूरांचं काम आहे. माझं मत विचाराल तर हे बडबड्या माणसाचं काम आहे, म्हणून मला जमतं.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मला दिवस गेले. तळावरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, हसून अभिनंदन केलं आणि त्याच पेनाने लिहून दिलं की आजपासून उड्डाण बंद. तो दिवस मी आनंदात काढला. दुसऱ्या दिवशी पगार कचेरीत गेले.

हिशेबनीस चष्मा कपाळावर चढवून चहा पीत होते. त्यांनी डॉक्टरीणबाईंचा कागद लांब धरून वाचला.

"पुढच्या महिन्यापासून उड्डाण भत्ता बंद," ते म्हणाले. "नियमच आहे, बाई."

"गोलकीपरचा चालू आहे ना?"

गोलकीपर म्हणजे आमचा एक पायलट. तळाच्या फुटबॉल सामन्यात गुडघा मोडून घेऊन तो कितीतरी दिवस पलंगावर पडून होता.

"तो जखमी आहे. जखमी माणसाला सहा महिने भत्ता चालू राहतो."

"अहो, तो चेंडूवर पडला. शत्रूवर नाही."

"सामना तळाचा होता. म्हणजे ड्यूटीच धरतात ती. तुमचं कसं आहे..." त्यांनी कपातल्या चहाकडे पाहिलं. "तुमचं हे तुम्ही मर्जीने केलंत."

"आणि तो काय, हातपाय बांधून गोलात उभा केला होता?"

शेजारच्या टेबलावरची टंकलेखिका फिस्सकन हसली आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. हिशेबनिसांना हसू आलं नाही. नियमाच्या पुस्तकात जखम आहे, आजार नाही आणि तुमचं तर नाहीच नाही, असं त्यांनी मला समजावलं. वाईट माणूस नव्हता. पण वाईट नसलेल्या माणसांचा मला त्या दिवशी जास्त राग आला.

घरी येऊन मी भांडी आपटली. माझा नवरा बेकरीत कामाला आहे. पहाटे जातो, दुपारी पिठाने पांढरा होऊन येतो आणि शक्यतो कोणाशी वाद घालत नाही. तो म्हणाला, "बघू, मी जादा पाळ्या करीन." सासूबाई कोपऱ्यात लोकर गुंडाळत बसल्या होत्या.

"तू कशाला जादा पाळ्या करतोस?" त्या त्याच्यावर खेकसल्या. "तिचं आहे ते तिला मिळू दे. गप्प बसून मिळत असतं तर मी आज महाराणी असते."

आता आमच्या टोळीबद्दल सांगायला हवं. आमचा कप्तान म्हणजे दादा. वयाने मोठा, आवाजाने त्याहून मोठा. आणि दोरावरून खाली उतरणारा तो डुबक्या. समुद्र असो की दरी, तो 'डुबकी मारून येतो' म्हणूनच निघतो. दोघांना माझी बातमी हिशेबनिसांच्या आधी कळली होती आणि दोघांनी तिच्यावर उपायही शोधून ठेवला होता.

"तू कशाला जीव जाळतेस?" दादा म्हणाला. "तुझं नाव बसवतो की मी."

नाव बसवणं ही आमच्याकडची जुनी रीत. उड्डाणाआधी कप्तान आत कोणकोण आहे त्याची यादी लिहितो आणि कंट्रोल रूममध्ये पाठवतो. त्या यादीवरून तास मोजले जातात आणि तासांवरून भत्ता. मग कोणाला ताप असला, कोणाचे वडील वारले, तर कप्तान त्याचंही नाव लिहायचा. माणूस घरी, नाव हवेत. याला कोणी पाप म्हणत नसे. उलट जो कप्तान नाव बसवत नाही तो कंजूस मनाचा ठरायचा. आणि महिनाअखेर आली की कचेरीतले अधिकारीही हळूच निरोप पाठवायचे. त्यांचे बूट वर्षभर टेबलाखाली, पण भत्ता सुटायला नको. खुद्द तळाचे साहेब, ज्यांच्या सहीशिवाय इथला एक पंखा फिरत नाही, तेही दर महिन्याला असेच आमच्यासोबत उडून यायचे.

"नको, दादा," मी म्हटलं.

"का गं?"

"डुबक्याचा हात बघा आणि मग विचारा."

डुबक्याने हात खिशात घातला.

दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्या तळाचं दुसरं हेलिकॉप्टर डोंगरात पडलं. त्याच्या यादीत पाच नावं होती. आम्ही पोचलो तेव्हा बर्फात चार माणसं सापडली. दोघे गेले होते, दोघे बेशुद्ध. पाचव्याबद्दल सांगायला कोणी शिल्लकच नव्हतं. डुबक्या पाचव्याला शोधत राहिला. आम्ही चौघांना पोचवून, तेल भरून परत आलो, तरी तो बर्फ उकरतच होता. हातमोजे भिजून कडक झाले होते. मी दारातून ओरडत होते, वर ये रे बाबा, वर ये, आणि तो हाताने नाही नाही म्हणत होता. पाचवा त्या वेळी तापाची गोळी घेऊन स्वतःच्या घरी गाढ झोपला होता. हे तळावर माहीत असलेली माणसं होती. पण बोललं तर सगळ्यांचंच बिंग फुटणार, म्हणून प्रत्येकजण दुसरा बोलायची वाट बघत बसला. अंधार पडायला आला तेव्हा कोणाला तरी लाज वाटली. तोवर डुबक्याची दोन बोटं गेली होती. अहवालात कारण लिहिलं, कडाक्याची थंडी.

"ते वेगळं होतं, ताई," डुबक्या म्हणाला. "तुझं नाव बसवायला मीच सांगितलं दादाला. माझी काही तक्रार नाही."

"माझी आहे."

मला रडू आलं आणि त्याचा आणखी संताप आला. ही दोन माणसं माझ्यावर जीव टाकतात, आणि त्यांच्याकडे मला द्यायला हेच एक होतं.

मी साहेबांकडे अर्ज केला. जखमी माणसाला देता तसा मलाही भत्ता चालू ठेवा, एवढंच. साहेबांनी बोलावलं, बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. माझ्या पोटाकडे बघावं की बघू नये हे न कळून ते सगळा वेळ माझ्या खांद्याशी बोलले.

"नियम बदलायचा म्हणजे वरपर्यंत जावं लागतं. वर्ष सहज जाईल. त्यापेक्षा तुमचे लोक आहेतच की. सांभाळून घेतील तुम्हाला."

"म्हणजे खोटं चालवून घेतलं तर लगेच मिळेल, आणि सरळ मागितलं तर वर्ष लागेल?"

"मी असं काही म्हणालो नाही."

"मग जे म्हणालात ते लिहून द्या, साहेब."

साहेब खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, फक्त एक झाडूवाला होता. मी पाणी पिऊन उठले.

मला कंट्रोल रूममध्ये टेबलाचं काम दिलं. वायरलेसवर बोलायचं, येणाऱ्या याद्या घ्यायच्या, वेळा टाकायच्या. महिनाअखेरीला एका सकाळी फोन आला की कड्यावर दोन गिर्यारोहक अडकलेत. आमची टोळी धावली. इंजिन तापेपर्यंत धावपट्टीवरच्या पोऱ्याने दादाची यादी आणून माझ्या टेबलावर ठेवली. सहा नावं. दादा, त्याचा जोडीदार पायलट, डुबक्या, माझ्या जागी बसणारा नवा विंचवाला. पाचवं नाव माझं. सहावं साहेबांचं.

मी ते दोनदा वाचलं. मला कड्याखालचा बर्फ दिसला आणि त्यात उकरणारा डुबक्या दिसला, उरलेल्या बोटांनी मला शोधताना. आणि मी इथे, उबेत, चहा पीत. मी वायरलेसचं बटण दाबलं. तळावरच्या प्रत्येक खोलीत तो आवाज ऐकू जातो, हे मला ठाऊक होतं.

"दादा, आत माणसं किती?"

"सहा. यादी दिलीये की."

"मोजून सांगा."

"ताई, आत्ता नको ना हे," दादा हळू आवाजात म्हणाला, जणू हळू बोललं की वायरलेसवर कमी ऐकू जातं.

"इंजिन तापायला वेळ आहे. तेवढ्यात होईल मोजून."

डुबक्याचा आवाज आला. "चार, ताई. मी मोजले. आम्ही चारच आहोत."

"चार," दादा म्हणाला.

मी आधी माझं नाव खोडलं. मग साहेबांचं. बाजूला सही केली आणि उड्डाणाला परवानगी दिली. दुपारपर्यंत दोन्ही गिर्यारोहक खाली आले, एकाला नुसतं खरचटलं होतं.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. या वेळी खुर्ची नव्हती.

"माझं नाव कोणाला विचारून खोडलंत?"

"साहेब, तुम्ही आत होतात का?"

त्यांचा चेहरा लाल झाला. गोदामात बदली करीन, चौकशी लावीन, असं पुष्कळ बोलले. मी म्हटलं, लावा. चौकशीच्या कागदावर काय झालं ते लिहावं लागेल, तेवढंच हवंय मला. चौकशी काही लागली नाही.

त्या महिन्यात माझा भत्ता गेला. साहेबांचाही गेला. दादाने त्या दिवसापासून नाव बसवणं बंद केलं, आणि त्याच्याकडे बघून बाकीच्या कप्तानांनीही. सगळ्यांना हे आवडलं असं मुळीच नाही. दुसऱ्या टोळीबरोबर उडणाऱ्या एका मेकॅनिकच्या मुलीला कावीळ झाली, त्याची रजा पडली, भत्ता बुडाला. तो मला जिन्यात भेटला तर तोंड फिरवून गेला. माझ्या जागी बसणारा नवा पोरगा म्हणाला, "ताईंना हिरो व्हायचंय, खिसा आमचा कापला जातो." मी ऐकलं. मला ते लागलं, कारण त्यात खरं होतं. नवऱ्याने जादा पाळ्या धरल्या. सासूबाईंनी लोकरीचे मोजे विणून शेजारणींना विकायला काढले आणि प्रत्येक जोडीबरोबर पगार कचेरीला एक शिवी फुकट दिली.

पण गंमत अशी की ज्या गोष्टीला वर्ष लागणार होतं, तिला तेवढं लागलं नाही. टेबलाखाली बूट ठेवणाऱ्या सगळ्यांचेच भत्ते एकदम बंद झाले आणि वरच्या कचेरीला नियमाच्या पुस्तकाची आठवण झाली. अधिकाऱ्यांनी स्वतःसाठी वाट काढली: पाठीचं दुखणं, रक्तदाब, काय वाटेल ते, डॉक्टरने उड्डाण बंद केलं तर सहा महिने भत्ता चालू. त्या आजारांच्या रांगेत, अगदी शेवटी, बाळंतपणही होतं. मला नववा लागला होता. हुकूम पुढच्या महिन्यापासून लागू.

डुबक्या धावत सांगायला आला. "जिंकलीस, ताई!" त्याने मला उचलायला हात पुढे केले आणि मग पोट बघून थांबला.

मुलगी झाली. ती दीड महिन्याची झाल्यावर तिला घेऊन मी पगार कचेरीत गेले. हिशेबनिसांनी चष्मा खाली घेतला, बाळाकडे पाहून 'अले अले' केलं, मग माझ्याकडे पाहून सावध झाले.

"भत्ता सुरू झाला ना, बाई? आता आणखी काय?"

"मागचे महिने."

"ते नाही मिळणार. तेव्हा नियम नव्हता."

"तेव्हा मी होते ना?"

"अहो, पण तुम्ही एकट्याच..."

"एकटी नाही." मी बाहेर हाक मारली. कावीळ झालेल्या मुलीचा बाप आत आला. मी त्याच्या घरी जाऊन त्याला सांगितलं होतं की तुझा बुडालेला महिनाही मी मागणार आहे, येतोस का. तो माझ्याशी अजूनही नीट बोलत नव्हता, पण आला होता. त्याच्यामागून दादा आला, आणि दार मोडणार असं वाटेपर्यंत माणसं येत राहिली, ज्यांची नावं त्या दिवसापासून कोणी बसवली नव्हती.

हिशेबनीस उभे राहिले. "हे काय चाललंय? साहेबांना बोलावू का मी?"

"बोलवा की," मी म्हटलं आणि बाळाला त्यांच्या टेबलावर, नियमाच्या पुस्तकाशेजारी, नीट निजवलं. "आणि या वेळी मोजून घ्या. इथे जितके उभे आहेत, तितकेच आहेत."