गोजरबाईची गिरकी

गोजरबाईनं पायाला चाकं बांधली तेव्हा तिची चाळिशी उलटली होती, आणि तिच्या पहिल्या पडण्यानं बारामतीच्या स्टेशनात उभी असलेली दौंडची गाडी चार बोटं मागं सरकली असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो.

छत्तीस साली गुळाचा हंगाम सरताना बारामतीला सर्कस आली. तिच्यात मिस डेझी नावाची विशीतली पोर होती. चाकांचे बूट घालून ती फळ्यांच्या ओट्यावर अशी गिरकी घ्यायची की सगळ्या बत्त्यांच्या ज्योती तिच्याकडं वाकायच्या. एका म्हशीनं कनातीच्या फटीतून ती गिरकी बघितली, तर दोन दिवस तिच्या सडातून ताक निघत होतं. हे पटत नसेल तर सोडून द्या. पुढचं मात्र पटवून घ्यावं लागेल, त्यात माझ्या पदरचं काही नाही.

गोजरबाई सांगवीच्या जोतीराम धनगराची बायको. मेंढरं गेल्यावर दोघं कालव्याच्या पाण्यावर वांगी-मिरची करायची. सर्कशीच्या भटारखान्यात भाजी टाकून ती तंबूत डोकावली. गोष्टीत अशा वेळी गालावर तीळ असतो. इथं तीळबीळ काही नव्हता. डेझीच्या बुटाचा पट्टा तुटला, ती चिडली आणि डावा हात मानेमागं नेऊन खराखरा खाजवू लागली. तसं खाजवणारं माणूस गोजरबाईनं जन्मात एकच बघितलं होतं, आणि ते या घटकेला घरी मिरचीला पाणी देत होतं.

गोजरबाईला तीन मुलींवर चौथी झाली तेव्हा सासूनं तिचं नाव नकोशी ठेवलं. असं नाव ठेवलं की देवाला निरोप पोचतो आणि पुढचा मुलगा होतो. झालाही. नकोशी तीन वर्षांची असताना नरसिंहपूरच्या जत्रेत सर्कशीतल्या एका निपुत्रिक जोडप्यानं तिला मागितलं. जोतीरामनं दिली. गोजरबाई मुलाला कडेवर घेऊन शेजारीच उभी होती. ती न्हाय म्हणाली नाही.

आता तिला एकच हवं होतं. पोरीनं एकदा आई म्हणावं.

पण सर्कशीतल्या मुलींशी बाहेरच्यांनी बोलायची सोय नव्हती. फक्त खेळात डेझी प्रेक्षकांतल्या कुणाला तरी ओट्यावर बोलवायची, चाकं बांधायची, तो आपटायचा, लोक हसायचे. गोजरबाईनं काष्टा खोचला आणि गेली. आपटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, पुन्हा आपटली. मॅनेजर सावळाराम पक्का धंदेवाला. त्यानं विचार केला, की ही बाई रोज पडली आणि शेवटी तिनं एक झकास गिरकी मारली, तर तंबू डोक्यावर घेतील लोक. त्यानं डेझीला सांगितलं, हिला रोज सकाळी शिकव. सर्कस इंदापूरला हलली तशी गोजरबाईही मागोमाग गेली.

गावानं तोंडसुख घेतलं. तानूबाईनं तर पाणवठ्यावर विचारलं, "गोजरे, चाकं बांधलीस, आता जू कुणाच्या मानंवर ठिवतीस?" जोतीराम एकदा खेळ बघायला इंदापूरला आला, डेझीचा हात मानेमागं गेलेला बघितला आणि बैलांना वैरण टाकतो म्हणून उठून गेला. त्याच्याकडं त्या दिवशी बैल नव्हते.

शिकवणी सुरू झाली. आधी गुडघे वाकवून सरळ जायचं. मग जाता जाता टाचा वळवून पाठमोरं व्हायचं. मग एका पायावर भार तोलून जागच्या जागी फिरायचं. डोक्यावर दोन हंडे घेऊन बांधावरून चालणारी बाई ती, तिला हे कधीच जमलं असतं. पण जमलं की डेझी हात सोडणार. म्हणून ती पडत राहिली. कोपरं सोलली, गुडघे काळेनिळे झाले, आणि दर वेळी डेझी तिला दोन्ही हातांनी उठवत राहिली.

"मावशी, हात पसरलेस की गिरकी मरती," डेझी म्हणायची. "छातीशी घे. लेकरू धरल्यागत. लेकरं झाली न्हाईत का तुला?"

"झाली की," गोजरबाई म्हणायची आणि मुद्दाम पडायची.

दम खाताना डेझी बोलायची. तिला घोंगडं आठवत होतं, मेंढरांचा वास आठवत होता. सांभाळणारी दोघं वारली, त्यांनीही काही सांगितलं नव्हतं. एक गोष्ट मात्र तिनं मनात बांधून ठेवली होती. आईनं आपलं काहीतरी लाडाचं नाव ठेवलं असणार. ते जी बाई सांगेल ती आपली आई. कानावर पडलं की आपण ओळखूच.



इंदापूरचा मुक्काम संपत आला. आज गिरकी जमली नाही तर ही बाई बंद, असं सावळारामनं बजावलं. सकाळी ओट्यावर दोघीच होत्या. गोजरबाईनं डेझीचे हात धरले आणि म्हणाली, "तुजं नाव मला ठावं हाय."

डेझी थांबली. तिनं डोळे मिटले, लहान मूल औषधासाठी मिटतं तसे. "सांग."

नाव जिभेवर होतं. तीन वर्षं हाक मारलेलं, नंतर रोज मनात मारलेलं. गोजरबाईनं त्या मिटल्या डोळ्यांकडं बघितलं.

"रतन," ती म्हणाली.

डेझीनं ते नाव तोंडात घोळवलं. रतन. रतन. मग डोळे उघडले.

"न्हाय, मावशी. हे न्हवं." ती रागावली नव्हती. "अशा दोघी आल्या आधी. एकीनं सोनी सांगितलं, एकीनं चंपा. पण तुजं नाव चांगलं हाय. ठिवून घिऊ?"

गोजरबाईनं मान डोलावली. मग तिनं हात सोडवून घेतले, स्वतःहून, आणि ते छातीशी घेतले. त्या सकाळी तिला गिरकी जमली.

रात्री सावळारामनं कर्ण्यातून मिस डेझीच्या जागी मिस रतनचा पुकारा केला. गोजरबाई ठरल्याप्रमाणे पडली, लोक हसले. शेवटी ती फिरली तेव्हा कुणी हसलं नाही. तंबूचा कळस फिरला की नाही यावर इंदापुरात अजून वाद आहे. मी तरी फिरला म्हणणाऱ्यांतला. टाळ्या मात्र खऱ्या. रतनही लांब उभी राहून टाळ्या वाजवत होती.

सर्कस सोलापूरकडं गेली. गोजरबाई सांगवीला परतली. जोतीराम ओसरीत बसला होता. त्यानं पाणी दिलं, ती पिऊन होईस्तोवर थांबला आणि विचारलं, "पोरीला तिचं नाव सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"आवडलं तिला."

जोतीराम रिकामा तांब्या उचलून आत गेला. तिनं कुठलं नाव सांगितलं, हे त्यानं कधीच विचारलं नाही.