नव्या मानकाची परीक्षा

योगेंद्र सरांना एका गोष्टीचा भयंकर राग होता. आपलं विद्यापीठ पोरांना शिळी भाषा वाढतं, असं ते भेटेल त्याला सांगत. सी प्लस प्लस ही संगणकाची भाषा तशी वय झालेलीच. १९९८ साली जगभरच्या जाणत्यांनी बसून तिचे नियम नव्यानं ठरवले, मानक छापलं. वर्ध्यात मात्र २००४ उजाडलं तरी त्याआधीचा, निळ्या पडद्याचा कंपायलर कॉलेजाकॉलेजांत गुण्यागोविंदानं नांदत होता. पोरांनी लिहिलेलं मशीनला समजावून सांगायचं, हे कंपायलरचं काम. हा म्हातारा कंपायलर नव्या नियमानं लिहिलेलं काही ऐकूनच घेत नसे.

सर इरेला पेटले. विद्यापीठात चकरा मारून मारून त्यांनी चपला झिजवल्या. शेवटी अभ्यासक्रमात एक ओळ पडली: 'नव्या मानकाप्रमाणे शिकवावे.' ओळ पडली, कॉलेजांतल्या मशिनी तशाच राहिल्या. ओळ लिहिली की काम झालं, असं समजणाऱ्यांची आपल्याकडे काही कमी नाही. सरांनी आपल्या कॉलेजात मात्र फुकट मिळणारा नवा कंपायलर स्वतः बसून प्रत्येक मशीनवर चढवला आणि बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला तंबी दिली.

"आता जुनं कोणी लिहिलं तं माह्याशी गाठ आहे. पेपरात नाई, प्रॅक्टिकलमंधी नाई, कुठंच नाई."

पोरांनी या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडून दिलं. बाजारातली गाइडं जुनीच होती आणि पाठही झाली होती. सरांचा शब्द खरा धरला तो एकट्या पौर्णिमानं. वर्ध्याजवळच्या आंजी गावच्या शाळेतले शिपाई प्रेमदास यांची ही मुलगी. पुण्याच्या एका कंपनीनं नागपुरात परीक्षा घेतली, तेव्हा वर्ध्याकडच्या पोरांतून तिची एकटीची निवड झाली. कारण एकच, तिनं नव्या मानकानं लिहिलं होतं. अट एवढीच की पदवीत एकही विषय मागे राहता कामा नये. प्रेमदासनं आंजीभर पेढे वाटले. सरांची छाती तर बापापेक्षाही जास्त फुगली.

त्या वर्षी प्रॅक्टिकलचं केंद्र नेमकं दुसऱ्या कॉलेजात आलं. सर पोरांसोबत गेले आणि नियमाप्रमाणे लॅबच्या दाराबाहेर उभे राहिले. आत सगळीकडे तोच निळा पडदा.

आपल्याकडे प्रॅक्टिकलचा रिवाज सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेरचे परीक्षक उत्तरपत्रिका वाचत नाहीत. पडद्यावर उत्तर दिसलं की सही करतात, नाही दिसलं की पुढच्या पोराकडे वळतात. बाकीच्यांनी मुकाट्यानं जुनं खरडलं आणि सह्या घेऊन मोकळे झाले. पौर्णिमाच्या पडद्यावर चुकांची रांग लागली होती.

"आउटपुट दाखव, बाई," परीक्षक म्हणाले.

"सर, प्रोग्राम बरोबर आहे. नव्या मानकानं लिहिला आहे. सिलॅबसमंधी तसंच आहे."

"मले मानक नको सांगू. आउटपुट दाखव. अजून टाइम आहे तुले."

पौर्णिमानं मान वळवून दाराकडे पाहिलं.

सरांना ती नजर कळली. नुसती मान डोलवली असती तरी काम झालं असतं. पण इतक्या वर्षांच्या चकरा त्यांच्या डोळ्यांपुढे आल्या. हिनंच हात टेकले तर मग राहिलंच काय? आणि अभ्यासक्रमात ओळ आहे, हा माणूस शून्य देईलच कसा? ते हाताची घडी घालून, चेहरा घट्ट करून उभे राहिले. पौर्णिमा पुन्हा पडद्याकडे वळली आणि वेळ संपेपर्यंत तिनं एक अक्षर बदललं नाही.

प्रॅक्टिकलमध्ये ती नापास झाली. सरांनी विद्यापीठात भांडण केलं, परीक्षेच्या नियमात आउटपुट लागतं एवढंच उत्तर मिळालं. कंपनी काही थांबली नाही. तिच्या जागी नागपूरचा कोणी पोरगा पुण्याला गेला.

शेवटी सर आंजीला गेले. प्रेमदासनं खुर्ची पुसून दिली, चहा ठेवायला सांगितला.

"तुमी तं लय केलं सर पोरीसाठी. तिचंच नशीब खोटं, त्याले कोण काय करन?"

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पौर्णिमा कप घेऊन आली, तेव्हा त्यांच्यानं राहवलं नाही.

"बेटा, जुनं तुले येतच नव्हतं का?"

"येत होतं ना, सर. सगळं पाठ होतं. पाच मिनिटाचं काम."

"मंग काऊन नाई लिहिलं?"

कप तिच्या हातातच राहिला. सर असं विचारतात याचंच तिला नवल वाटलं.

"मी तुमाले विचारलं होतं ना, सर," ती म्हणाली. "तुमी नाई म्हणले."