तांबडा बैल घ्यावा का?

माझे वडील पन्नाशीत आंधळे झाले. आधी त्यांना रंग फसवू लागले, मग माणसं. आता मी पन्नाशीला टेकलोय आणि गेल्या दिवाळीपासून मला माझ्या डोळ्यांचा भरवसा वाटेनासा झालाय. दुकानात मोबाईल दुरुस्त करताना बारीक तारा एकमेकींत मिसळतात. डॉक्टरकडे जा म्हणणं सोपं आहे हो. तिथे कागदावर लिहून देतात, आणि मग ते खरंच होतं.

म्हणून मी ग्रुपवर गेलो. अंगठ्याएवढी प्लास्टिकची माणसं, जनावरं आणून रंगवायची मला जुनी हौस. आमच्या नेवाशात ह्याला पोरखेळ म्हणतात, पण फेसबुकवर असे हौशी पुष्कळ, दिवसभर रंगच बघणारे. डोळ्यांत खोट असेल तर ती कामात उतरेल आणि ह्यांना दिसल्याशिवाय राहणार नाही, असा माझा हिशोब. एक तांबडा बैल डोळ्यांत तेल घालून रंगवला, फोटो टाकला आणि लिहिलं, चुका सांगा.

'कडक!' 'एकच नंबर, दादा!' अंगठे, फुलं, टाळ्या.

पुन्हा लिहिलं, राग मानणार नाही, हात जोडतो, चुका सांगा. तर एक जण म्हणतो, 'कलाकार किती नम्र आहे बघा.' अरे, नम्र कसला, इथे माझा जीव टांगणीला लागलाय! कोल्हापूरचे एक राधाकृष्ण आहेत, ग्रुपवर सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांना वेगळं विचारलं. उत्तर आलं, 'सुंदर. असंच चालू ठेवा.' मोबाईल भिंतीवर आपटावासा वाटला.

मग जनावरांच्या बाजाराच्या दिवशी घोडेगावला गेलो होतो, तिथे अक्कल आली. शेजाऱ्याच्या बैलाला 'दृष्ट काढा' म्हणणारा माणूस स्वतः घ्यायला उभा राहिला की जबडा उघडून दात बघतो, शेपटी ओढतो, चालवून बघतो आणि नसलेली खोटही काढतो. म्हटलं, आपल्याला गिऱ्हाईक पाहिजे, कौतुक करणारे नकोत.

घरी येऊन बायकोचा, चांगुणाचा, मोबाईल घेतला. तिच्या नावाने दुसऱ्या एका ग्रुपवर तोच बैल टाकला. 'हा विकत मिळतोय. घ्यावा का?'

तुटून पडले! रंग जाड बसलाय, पातळ करून लावायला हवा होता. खुरं लिबलिबीत. एक डोळा नेवाशाकडे, एक नगरकडे. मी अक्षरशः खूश झालो. ह्या हाताच्या चुका होत्या, हात सुधारता येतो. चहा मागवला, पुढचं वाचायला घेतलं.

कोण कुठल्या मच्छिंद्रने लिहिलं होतं, 'बाकीचं जाऊ द्या. मागच्या मांड्या हिरव्या का केल्यात?' खाली दुसऱ्याचं, 'चारा अंगावर उठला असेल.' त्याखाली हसणारी तोंडं.

मी बैल घेऊन अंगणात उन्हात गेलो. भिंग लावलं. नाकापासून शेपटीपर्यंत तांबडा. रंगाच्या बाटल्या आणल्या, त्यांच्यावरची नावं केव्हाच लडबडून गेलेली. तांबडी आणि हिरवी शेजारी शेजारी धरल्या, मग आलटून पालटून धरल्या. कुठली कुठली, सांगता येईना. म्हणजे पहिल्या ग्रुपवर सगळ्यांनी हिरवं पाहिलं आणि 'कडक' म्हणून पुढे गेले. राधाकृष्णांनीसुद्धा. आणि मी मात्र हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. तिथेच पायरीवर बसलो. मला भीती वाटत होती, लहान पोरासारखी.

चांगुणा बाहेर आली. मोबाईल तिचाच, तिनेही सगळं वाचलं असणार. मी बैल तिच्या हातात दिला.

"चांगुणा, खरं सांग. ह्यो कोंच्या रंगाचा हाय?"

तिने बैलाकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत राहिली.

"तुमाला कोंचा दिसतोय?"

"तांबडा. समदा तांबडा."

"मग तांबडाच हाय," ती म्हणाली आणि बैल पदरात धरून माझ्याशेजारी बसली.

'खरं सांगा, खरं सांगा' म्हणून अख्ख्या महाराष्ट्राला पिडणारा मी, तिला दुसऱ्यांदा विचारू शकलो नाही.